टॅकेटच्या सुपाची चव

माझं काम सांगायला सोपं आहे. राष्ट्राध्यक्षांनी सर्वोच्च न्यायालयासाठी कुणाचं नाव सुचवलं, की त्या माणसाचं बोट धरून त्याला वॉशिंग्टनभर, ज्यांच्या मतांवर नेमणूक ठरते त्या सेनेटरांच्या दारोदार फिरवायचं, आणि कुठंही त्याच्या तोंडून खरं मत निसटू द्यायचं नाही. मत कळलं की घात झालाच म्हणून समजा. त्यासाठी आम्ही आधी त्याची तालीम घेतो. बंद खोलीत आमचेच वकील सेनेटर बनून त्याला उभा-आडवा सोलतात. त्या खोलीला आमच्यात कत्तलखाना म्हणतात.

या खेपेला कत्तलखान्यात आली जज ऑगस्टा प्रूइट. वय बासष्ट. याआधी दोनदा तिचं नाव निघालं आणि दोनदा कुणीतरी मंत्र्याच्या मेव्हण्याचा मित्र पुढे घुसला. बाई फटकळ. पहिल्याच दिवशी तिनं आमच्या तीन वकिलांना मूर्ख म्हटलं. होते ते, पण म्हणायचं नसतं ना!

"जजबाई," मी म्हटलं, "काहीही विचारलं तरी एकच उत्तर. हा प्रश्न उद्या माझ्यासमोर येऊ शकतो, त्यामुळे त्यावर बोलणं उचित ठरणार नाही."

"आणि मला भूक लागली का असं विचारलं तर?"

"तरीही हेच."

ती हसली नाही. "वेल्मा," ती म्हणाली, "मला ती खुर्ची हवी आहे गं. इतकी हवी आहे की माझी मलाच लाज वाटते. तू म्हणशील ते करते."

आणि केलं तिनं. महिन्याभरात ते वाक्य तिच्या तोंडी इतकं बसलं, की शिंक आली तरी आधी तेच बाहेर पडेल. मला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

सेनेटमध्ये आमच्या पक्षाचे एकोणपन्नास, विरोधकांचे एकावन्न. त्यांच्यातला एक फुटला की बरोबरी, आणि बरोबरी झाली की उपाध्यक्षांचं मत आमचंच. फुटण्यासारखा एकच माणूस होता, ऑर्विल टॅकेट. नेब्रास्काचा, मक्याच्या राज्यातला, ऐंशीच्या घरातला, हट्टी थेरडा. हा स्वतःच्या कार्यालयात कोपऱ्यात शेगडी ठेवून स्वतःच्या हातानं मक्याचं सूप करायचा आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला पाजायचा. दोन्ही पक्षांतला एकही माणूस त्यातून सुटला नव्हता. सगळे प्यायचे, वाहवा करायचे आणि बाहेर येऊन पाणी शोधायचे.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा जजबाईंनीही वाटी संपवली. टॅकेट पुढे वाकला. "मग? कसं झालंय?"

आणि बाई ताठ बसून म्हणाली, "सेनेटरसाहेब, हा प्रश्न उद्या माझ्यासमोर येऊ शकतो, त्यामुळे त्यावर बोलणं उचित ठरणार नाही."

देवा रे! मी डोळेच मिटून घेतले. टॅकेटनं वाटी उचलली, बेसिनमध्ये ठेवली आणि आम्हाला दार दाखवलं.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे. त्यांच्या चॅनेलवर ठणाणा सुरू झाला की ही बाई मका पिकवणाऱ्यांचा अपमान करते. दुसऱ्या दिवशी त्यांचे सेनेटर कोटाला कणसाचे बिल्ले लावून आले. आमचे तरी कुठे गप्प बसणार? इतकी वर्षं दोन-दोन वाट्या मागून पिणारे आमचे महाभाग टीव्हीवर सांगू लागले, की ते सूप म्हणजे राज्यघटनेवरचा हल्ला आहे. एकानं तर वैद्यकीय चौकशीची मागणी केली. कोर्टाच्या पायऱ्यांवर एकीकडे कणसं नाचवणारे, दुसरीकडे वाट्या वाजवणारे. दोघांमध्ये पोलीस, आणि ते बिचारे उभ्या उभ्या बर्गर खात होते.

मग सेनेटपुढच्या सुनावणीचा दिवस आला. टॅकेटनं चष्मा पुसला.

"जजबाई, मला तुमचं कायद्याचं ज्ञान नको. माझं सूप कसं होतं? तेवढं सांगा."

मी मागच्या रांगेतून डोळे वटारून बघत होते. म्हण गं बाई, चांगलं होतं म्हण, काय जातंय तुझं! तिनं एकदा माझ्याकडे वळून पाहिलं आणि माइक जवळ ओढला.

"वाईट होतं. मीठ नव्हतं, मका जून होता आणि दूध फाटलं होतं. त्या दिवशी मी भेकडासारखं उत्तर दिलं, त्याबद्दल माफी मागते. सुपाबद्दल नाही."

मग टॅकेट हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, शेजाऱ्यानं पाठ थोपटली.

"माझी बायको हेच म्हणते," तो म्हणाला. "इथं मात्र आजवर कुणाची छाती झाली नाही. जजबाई, तुमच्या निम्म्या निकालांवर माझं डोकं फिरतं. पण माझं मत तुम्हाला."

मी कॉरिडॉरमध्ये अक्षरशः नाचले. पन्नास-पन्नास! जिंकलो! एवढ्यात केंडलचा फोन आला. केंडल म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा उजवा हात. मला वाटलं, अभिनंदन करतोय.

"वेल्मा, आपली माणसं बिथरलीत."

"आपली? आपली कशाला बिथरतील?"

"अगं, जी बाई टॅकेटला तोंडावर सूप वाईट म्हणते, ती आपल्याला काय म्हणेल? आपण आपल्या सोयीनं आखलेले मतदारसंघांचे नकाशे पुढच्या वर्षी त्याच कोर्टात जाणार आहेत. बघितलेस ना कसे आखलेत? त्यापेक्षा सापशिडी सरळ असते. विन्स्लोला भेटव तिला. त्याची खात्री पटव."

विन्स्लो आमचा सेनेटमधला नेता. दात पांढरेशुभ्र, बाकी सगळा अंधार. त्यानं खुर्ची दिली, कॉफी दिली आणि गोड आवाजात विचारलं, "नकाशांबद्दल काही मनात आहे का, ऑगस्टा?"

"तो प्रश्न खरोखरच माझ्यासमोर येणार आहे, सेनेटर. त्यावर बोलणं उचित ठरणार नाही."

शब्द अगदी तालमीतलेच. पण आमचे आजवरचे सगळे उमेदवार हे म्हणताना हळूच डोळा मारायचे. विन्स्लो वाट बघत राहिला. बाईची पापणी लवली नाही. त्यानं घड्याळ बघितलं आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी केंडलचा निरोप आला, की बाईंनी तब्येतीचं कारण सांगून नाव मागे घ्यावं. मी तो कसाबसा सांगितला. तोंड वर करून बघवत नव्हतं.

"तब्येत उत्तम आहे माझी," ती म्हणाली. "नको असेन, तर उभं राहून, तोंडानं नको म्हणा."

मतदान आम्ही तिच्या हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर पाहिलं. आडनावं एकेक पुकारली जात होती. टॅकेटचं आलं तेव्हा म्हातारा काठीवर जोर देऊन उठला आणि खणखणीत "हो" म्हणाला. त्याच्या पक्षातले त्याच्याकडे बघतही नव्हते. अजून आशा होती. मग आमच्या दोघांनी "नाही" म्हटलं, बुटांकडे बघत. शेवटी विन्स्लोचं नाव पुकारलं. तोही "नाही" म्हणाला, आणि हसला.

बाईनं टीव्ही बंद केला. मला हुंदका आवरेना, ढसाढसा रडले मी.

"अगं वेडे, हरले मी," ती म्हणाली. "तू का रडतेस?"

"बाई, तो पलीकडचा थेरडा 'हो' म्हणाला," मी म्हटलं. "पाडलं तुम्हाला ते आमच्यांनी."