पहिल्या जोडीचा मान

नेरडीगोंड्याला हायवेच्या कडेला देवानंदचं चहाचं हॉटेल आहे. त्या दिवशी पोळा होता, तरी सकाळपासून बाकं भरली होती. कारण टीव्ही! दूरच्या दोन देशांची जुनी खुन्नस आता क्षेपणास्त्रांवर आली होती आणि इथल्या मंडळींनी ते देश आपसांत वाटूनही घेतले होते. ज्यांची नावं धड उच्चारता येत नव्हती, त्यांच्यासाठी माणसं टेबलं बडवत होती.

पडद्यावर एक उंच इमारत कोसळली.

"पडली! पडली!" देवानंद उड्या मारत ओरडला. "आज चहा फुकट रे सगळ्यायले!"

त्याची आई तुळजाबाई बैलांसाठी पुरणपोळ्यांचं ताट घेऊन मागच्या दारात उभी होती. तिला ते पाहवेना.

"देवा, त्या घरात लेकरं असतील ना रे! तू काऊन नाचून राह्यला?"

"माय, तुले नाई समजत. सुरुवात त्यायनंच केली."

ही अक्कल पाजळणाऱ्या देवानंदची स्वतःची पोर, मीनल, आखातातल्या एका दवाखान्यात नर्स होती. पण तिचं शहर या भांडणात नव्हतं, म्हणून हा गडी निर्धास्त होता!

शिवाय त्याची स्वतःची लढाई संध्याकाळी होतीच. पोळ्याला मारुतीसमोरच्या तोरणाखालून पहिली बैलजोडी जायची ती गावातल्या नरसिंगरावांची. त्यांच्या घराचा तो जुना मान. यंदा देवानंदने नवी जोडी घेतली आणि आपलीच पहिली जाणार म्हणून हटून बसला. नरसिंगरावांनी भैंसा गावाहून सोयरे बोलावले. मग देवानंदनेही वांकिडीच्या मेव्हण्याला माणसं घेऊन यायला सांगितलं. काठ्यांचा भारा तर भट्टीमागे येऊन पडला होता.

तुळजाबाईने ताट खाली ठेवलं आणि त्या भाऱ्याकडे बोट केलं.

"वांकिडीवाल्यायचं आन भैंसावाल्यायचं काई भांडण हाय का रे?"

"नाई. त्यायचं काय भांडण?"

"मंग ते काऊन डोके फोडून घेतील?"

"आमच्यासाठी, माय."

"मंग तेच तर तुया टीव्हीत चालू हाय!" म्हातारी कडाडली. "हट्ट दोघायचा. यानं आपला सोयरा बलावला, त्यानं आपला. मोठं युद्ध काई आभाळातून पडते का रे? असंच एकेकाले बलावून वाढवता तुमी! मरते मातर तो, ज्याले कोनी इचारलंच नाई!"

देवानंद तोंड उघडणार, तोच टीव्हीवरचा आवाज चढला. एका देशाच्या मदतीला त्याचा बलाढ्य मित्र उतरला होता. या मित्राचा लष्करी तळ मीनलच्या शहरालगत होता, आणि शत्रूने थेट तिथेच मारा केला होता. शहराचं नाव पट्टीवर सरकू लागलं.

देवानंद मीनलला फोन लावत राहिला. लागेना. मघाची ती इमारत आता त्याच्या डोळ्यांपुढून हलेना!

तेवढ्यात बातमी ऐकून नरसिंगराव धापा टाकत आत आले. लहानपणी मीनल पोळ्याला त्यांच्याच बैलाच्या पाठीवर बसायची.

"देवानंद, पोरीचा फोन लागला का रे?"

देवानंदने नकारार्थी मान हलवली. नरसिंगराव त्याच्या शेजारी बाकावर बसले आणि दुपार कलली तरी उठले नाहीत. बैल तसेच गोठ्यात उभे होते.

अखेर फोन वाजला.

"बाबा, मी बरी हाओ. पेशंट तळघरात हलवून राह्यलो आमी."

"इचारा ना तिले, कोन जिंकून राह्यलं?" मागून एक शहाणा ओरडला. मीनलने ते ऐकलं.

"जिंकलेला इथं एकबी आला नाई, बाबा. दोनी देशायचे जखमी मजूर आनले. एकाच खोलीत हायेत, आन दोघंबी मायच्या नावानं रडून राह्यले."

फोन कट झाला. देवानंद तुळजाबाईच्या पायाशी बसला आणि ढसाढसा रडला.

"माय, कोनाची तरी पोर मेली आन मी चहा वाटला!"

त्याने टीव्ही बंद केला, मेव्हण्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं आणि काठ्यांचा भारा सोडून एकेक काठी भट्टीत सारली. भैंशाचे सोयरे आले तेव्हा त्याच भट्टीवरचा चहा त्यांच्या हाती दिला.

संध्याकाळी तोरणासमोर देवानंदने नरसिंगरावांच्या बैलाचा कासरा स्वतः धरला.

"काका, तुमची जोडी पहिली."

वाचकहो, मीनल अजून त्या तळघरातच काम करते आहे. युद्धाचे हुकूम सोडणाऱ्यांच्या लेकी कुठल्याच तळघरात नाहीत! देशांची खुन्नस थांबवणं आपल्या हातात नसेल. पण तिला टाळ्या वाजवून फुगवायचं की नाही, हे तर आपल्याच हातात आहे. पुढच्या वेळी पडद्यावर इमारत कोसळली, तर जल्लोष करण्याआधी एवढंच विचारा, की तिच्याखाली कोणाची मीनल आहे?