धनाजीरावांचं मामेरं

सकाळचे साडेआठ वाजले होते. निजामपुऱ्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात धनाजीराव आंघोळीला गेले होते आणि स्नेहलताबाई महिन्याच्या औषधांची यादी करायला डबा उघडून बसल्या होत्या. रक्तदाबाच्या गोळ्या आज संपायला हव्या होत्या. डब्यात चौदा शिल्लक होत्या.

धनाजीराव बाहेर येताच त्यांनी पाकीट पुढे धरलं. "हे काय?"

"एक दिवसाआड घेतो. बरं वाटतंय मला."

"डॉक्टरांनी सांगितलं तसं?"

ते टॉवेल वाळत घालत राहिले. बाजव्याजवळच्या कारखान्यात तेहतीस वर्षं फिटरचं काम करून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. हल्ली जिना चढताना छातीत कळ यायची. डॉक्टरांनी स्टेंट घालायला सांगून महिना झाला होता. "ऋचाचं लग्न होऊ दे, मग बघू," हे त्यांचं एकच उत्तर.

ऋचा त्यांची भाची. भाचीच्या लग्नात मामानं दागिन्यांची, कपड्यांची ताटं वाजतगाजत न्यायची, ते मामेरं. बडोद्यात राहून राहून ही गुजराती रीत आपल्या मराठी घरांतही रुजली. पूर्वी साडी आणि नारळ पुरत असे. आता मामा काय आणणार, हे व्याही आधीच विचारून घेतात.

दहाच्या सुमारास धाकटी बहीण कमल, ऋचाची आई, आली. बसायच्या आतच म्हणाली, "दादा, पाच तोळे तरी हवेतच. ऋचाच्या सासरी मामेरं मांडून दाखवतात सगळ्यांना."

"कमल, यांच्या छातीचं तुला ठाऊक आहे ना?" स्नेहलताबाईंनी विचारलं.

"दादाच म्हणतो, काही झालं नाही म्हणून." मग ती खाली बसली. "वहिनी, माझ्या लग्नात आमचा मामा रिकाम्या हातानं आला. सासूनं अकरा वर्षं ऐकवलं मला. माझ्या पोरीच्या वाट्याला ते नको."

धनाजीराव उठले. "चला, बँकेत जाऊ."

आजारपणासाठी ठेवलेली एकच एफडी होती, दोघांच्या नावावर. मोडायला दोन्ही सह्या लागत. फतेगंजच्या बँकेत धनाजीरावांनी सही केली. काउंटरवरच्या बाईंनी कागद फिरवला. "बेन, अहीं सही करो."

स्नेहलताबाईंनी पेन घेतलं नाही.

"स्नेहल, लोक बघतायत."

"बघू देत. गोळ्या चुकवून तुम्ही सोनं घेणार, आणि त्या कागदावर मी सही करायची? मला विधवा व्हायचं नाही."

"परकी ती परकीच!" म्हणत कमल रडत बाहेर पडली.

"बहिणीसमोर नाक कापलंस माझं," एवढं बोलून धनाजीराव तरातरा निघाले. बँकेच्या तिसऱ्या पायरीवर ते खाली बसले. शर्ट घामानं भिजला होता, डावा हात उचलत नव्हता. स्नेहलताबाईंनी धावत रिक्षा थांबवली.

त्याच दुपारी स्टेंट घातला. एफडी मोडली ती इस्पितळासाठी. त्या कागदावर मात्र स्नेहलताबाईंनी न वाचता सही केली.

चौथ्या दिवशी ऋचा भेटायला आली. कमल आली नाही. मामाचा हात धरून ऋचा म्हणाली, "मला कुणी विचारलंच नव्हतं, मामा. तू नुसता ये."

लग्नात धनाजीराव साडी आणि नारळ घेऊन गेले. मुलाच्या आत्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "मामेरं कधी यायचंय?"

कमलनं मान फिरवली.

"हेच मामेरं," धनाजीराव म्हणाले. "सोन्याच्या पैशांत माझा जीव वाचला. तो घेऊन आलोय."

आत्या नाक मुरडून निघून गेली. कमल दिवसभर वहिनीशी बोलली नाही.

पंगतीत शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले हंबीरराव बसले होते. पुरी तशीच पानात ठेवून ते हळूच म्हणाले, "वैशाखात माझ्या भाचीचं आहे. बायकोच्या गुडघ्यांचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललंय. तुम्हाला नाही म्हणायला जमलं कसं?"

"मला कुठे जमलं? मी सही करून मोकळा झालो होतो." धनाजीरावांनी समोरच्या पंगतीतल्या स्नेहलताबाईंकडे पाहिलं. "नाही हिनं म्हटलं. पण हंबीरराव, गुडघे तुमच्या बायकोचे दुखतायत. तिनं म्हणायची वाट बघू नका."