तळघरातले पाहुणे

तळघराच्या शेवटच्या पायरीवरून नीळकंठरावांनी पाय खाली टेकला आणि मोजा चिंब झाला.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. मुलगा अभिराम ऑफिसला गेला होता, सून वल्लरी वरच्या खोलीत लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होती. नीळकंठरावांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की काल आपण इथे चहा घेऊन आलो होतो, तो तर सांडला नाही ना? एक कप चहा एवढ्या फरशीवर पसरत नाही हे पटायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी दिवा लावला. भिंतीपासून भिंतीपर्यंत पाणी होतं, अगदी स्वच्छ, बोटाच्या दोन पेरांएवढं. आणि त्यात त्यांच्या पुस्तकांचे चौदा खोके उभे होते.

हाक मारावी की मीटिंग संपू द्यावी, हे ठरेना, म्हणून ते पायरीवर बसून राहिले. वल्लरी पाणी प्यायला खाली आली तेव्हा तिला तळघराचं दार उघडं दिसलं.

"अहो बाबा! हाक नाही का मारायची?"

"तुझी मीटिंग होती."

"मीटिंग काय, रोज असते. घर थोडंच रोज बुडतं!"

आर्नहेम या डच शहरातलं हे घर नव्वद वर्षांचं. अभिरामनं ते मागच्या उन्हाळ्यात घेतलं होतं आणि घेतलं ते तळघरासाठी, असं तो ज्याला त्याला सांगायचा. साताऱ्याची सोसायटी पाडून नवी बांधायला घेतल्यापासून नीळकंठराव सहा महिने पुण्याला मुलगी संपदाकडे आणि तीन-तीन महिने करून सहा महिने इथे असे राहत. संपदाच्या दोन खोल्यांत त्यांना जागा होती, पुस्तकांना नव्हती. अभिरामनं ती बोटीनं मागवून घेतली. "बाबा, खाली तुमची लायब्ररी करू," तो म्हणाला होता. अडतीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढणाऱ्या माणसाला एवढ्या वाक्यानं किती दिवस झोप लागली नव्हती, ते नीळकंठरावांनी कोणाला सांगितलं नाही.

दुपारी पंपवाला आला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला, दारात वाकून शिरणारा धिप्पाड माणूस. त्यानं पंप लावला, भिंतीवर पंजा दाबून पाहिला, पाईप ठोकून पाहिले. अभिराम ऑफिसातून तसाच धावत आला होता.

"लीक कुठे आहे?" अभिरामनं इंग्रजीत विचारलं.

माणसानं मान हलवली. लीक नाहीच, तो म्हणाला. ऱ्हाईन नदी चढली आहे, जमिनीतलं पाणी वर आलंय. आज उपसलं तरी उद्या पुन्हा येईल. नदी उतरेपर्यंत पंप चालू ठेवा आणि पुढे कधी तरी सगळी फरशी नव्यानं करून घ्या. मग बोट जमिनीकडे करून तो आपल्या भाषेत म्हणाला, "फान बनेडन."

नीळकंठरावांना कुठेतरी बारीक टोचलं. काय ते कळलं नाही.

जाता जाता माणसानं भिंतीचा नवा रंग नखानं खरवडला. खाली जुन्या पाण्याच्या पांढुरक्या रेषा निघाल्या, एकीवर एक. आधीच्या मालकिणीला हे ठाऊक असलंच पाहिजे, तो म्हणाला.

"बघितलंस?" अभिराम वल्लरीकडे वळला. "म्हातारीला सगळं माहीत होतं! गोड बोलून कॉफी पाजली आणि गळ्यात तळं बांधलं. मी आजच वकिलांना मेल टाकतो."

इथल्या कायद्यात विकणाऱ्यानं माहीत असलेला दोष सांगायचा असतो. लपवला असेल तर दुरुस्ती त्याच्या अंगावर येते. अभिरामला हे आधीच माहीत होतं. वल्लरीनं तरी चौकशी करून खात्री करून घेतली.

संध्याकाळी भिजलेली पुस्तकं रेडिएटरवर, खिडकीत, जिन्यावर पसरल्यावर नीळकंठराव आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी कपाटातून एक वही काढली. इथे आल्यापासून कानावर पडणारी डच वाक्यं ते देवनागरीत लिहून ठेवत आणि पुढे मराठी अर्थ लिहीत. बोलायची हिंमत नव्हती. लिहायला कोण अडवणार? त्यांनी मे महिन्याचं पान उघडलं. वाक्य त्यांच्याच अक्षरात होतं.

*इन द विंटर क्रैखन वे बझूक फान बनेडन.* हिवाळ्यात आमच्याकडे खाली पाहुणे येतात.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

घर बघायला आले होते तो दिवस. अभिराम आणि वल्लरी वरच्या मजल्यावर बाथरूम मोजत होते. घराची मालकीण, टिमरबाई, ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत नीळकंठरावांना तळघर दाखवायला घेऊन गेल्या. फळ्यांवर मुरंब्याच्या बरण्या होत्या. भिंतीवर खिळ्यांना दोन वेताच्या खुर्च्या टांगलेल्या होत्या. बाईंनी काठीनं फरशीवर टकटक केलं, हसून ते वाक्य म्हटलं आणि उत्तराची वाट पाहत थांबल्या. नीळकंठरावांना 'पाहुणे' हा शब्द येत होता, 'हिवाळा' येत होता. ओळखीचे दोन शब्द एका वाक्यात भेटले याचाच त्यांना एवढा आनंद झाला की मधल्या 'फान'कडे त्यांनी पाहिलंच नाही. हिवाळ्यात खाली पाहुणे येतात, वेताच्या खुर्च्या काढतात, मुरंबा खातात. त्यांनी मान डोलावली आणि धीर करून, आयुष्यात पहिल्यांदा एका डच माणसाशी डचमध्ये बोलले.

"खझेलख!" ते म्हणाले. चार माणसं जमून घराला येते त्या ऊबेला इथले लोक हा शब्द वापरतात.

बाई मोठ्यांदा हसल्या होत्या. त्यांच्या दंडावर थोपटून म्हणाल्या होत्या, तुम्ही चांगले गृहस्थ आहात.

आता त्यांनी शब्दकोश उघडून 'फान' पाहिला, नको असलेली खात्री करून घ्यायला. मग पेन्सिलीनं 'खाली' खोडून वर लिहिलं: 'खालून'. हिवाळ्यात आमच्याकडे खालून पाहुणे येतात.

एक प्रत्यय. अडतीस वर्षं त्यांनी असल्या प्रत्ययांच्याच मागे काढली होती. आणि आता त्यांना आठवलं की त्या तळघरात सगळ्या फळ्या गुडघ्याच्या वर होत्या, जमिनीवर काहीही ठेवलेलं नव्हतं, आणि बसायच्या खुर्च्या कोणी भिंतीला टांगत नाही.

प्रमोदिनी असती तर हे झालंच नसतं. बायकोच्या चौकशीला अंत नसे. भाषा येवो न येवो, हातवारे करून तिनं विचारलं असतं, कोण पाहुणे? किती जण? राहतात की जेवून जातात? पाचव्या प्रश्नाला पाणी बाहेर पडलं असतं. चाळीस वर्षं ती त्यांच्या वतीनं बोलली, आणि ती गेल्यावर त्यांनी स्वतः बोललेला पहिला शब्द हा निघाला.

पुढचे दोन दिवस ते सांगायचं ठरवत होते. शुक्रवारी सकाळी अभिराम जेवणाच्या टेबलावर एका भिजलेल्या पुस्तकाची पानं एकेक करून सोडवत होता, मध्ये टिश्यू घालत होता. लहानपणीही तो असाच जीभ बाहेर काढून काम करायचा. नीळकंठराव समोर जाऊन उभे राहिले.

"अभि..."

"हं?"

"चहा ठेवू का?"

दुपारी पुन्हा तसंच झालं. संध्याकाळी वल्लरी म्हणाली, "बाबा, आज तुम्ही पाच वेळा चहा केलात. बरं वाटतंय ना?"

शनिवारी सकाळी अभिरामनं एक कागद छापून आणला. घर पाहायला तिघे होते, म्हणून वकीलबाईंनी तिघांचं निवेदन मागितलं होतं. इंग्रजीत चारच ओळी: घर दाखवताना तळघरातल्या पाण्याबद्दल आम्हा तिघांपैकी कोणालाही काहीही सांगण्यात आले नाही. खाली दोन सह्या झालेल्या होत्या. तिसरी जागा रिकामी होती.

"बाबा, इथे. पूर्ण नाव."

नीळकंठरावांनी पेन घेतलं. कागद वाचला. पुन्हा वाचला.

"यात एक... शब्द बघायचा होता."

"बाबा, स्पेलिंग मी चेक केलंय."

"स्पेलिंग नव्हे."

ते आत गेले, वही घेऊन आले, पान उघडून वल्लरीपुढे ठेवलं. वल्लरी पूर्वी इथल्या एका फार्मसीत काम करायची, तिचं डच घरात सगळ्यांत चांगलं. तिनं ओठ हलवत वाचलं, तोंडावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

"काय झालं?" अभिराम म्हणाला. "वल्लरी, काय लिहिलंय?"

"टिमरबाईंनी सांगितलं होतं. बाबांना. 'हिवाळ्यात आमच्याकडे खालून पाहुणे येतात.'"

"पाहुणे?"

"पाणी रे. गंमतीनं म्हणाल्या असतील त्या."

अभिराम वडिलांकडे वळला. "मग तुम्ही काय म्हणालात?"

नीळकंठरावांनी वहीकडे पाहिलं. "खझेलख," ते म्हणाले.

अभिराम हसला. अनपेक्षितपणे फुटलेलं हसू ते, आणि तितक्याच झटक्यात संपलं. "खझेलख! घरात पाणी येतं म्हणून सांगताहेत आणि तुम्ही म्हणता, वा, छान, मजा! मला का नाही सांगितलंत त्या दिवशी?"

"मला वाटलं पाहुणे येतात. त्यात सांगायचं काय?"

वल्लरीला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळत नसावं. ती उठून सिंकपाशी गेली.

अभिराम खोलीत दोन फेऱ्या मारून परत बसला. आता तो शांत आवाजात बोलू लागला, ऑफिसातल्यासारखा. "हे बघा बाबा. तुम्हाला कळलं नाही. बरोबर? मग सांगितलं असं होतच नाही. डच न येणाऱ्या माणसाला डचमध्ये जोक करणं म्हणजे सांगणं नव्हे. करा सही."

"अरे, पण त्या म्हणतील सांगितलं," वल्लरी तिकडूनच म्हणाली. "बाबांनी उत्तरही दिलंय. डचमध्ये."

"तू त्यांची वकील आहेस का?"

"मी नुसतं म्हणतेय."

"वही ठेवून द्या, बाबा. कोणी वही मागितलेली नाही."

नीळकंठरावांना नाही म्हणता येत नसे. भाजीवाल्यालाही नाही. आणि समोर बसला होता तो त्यांच्या पुस्तकांसाठी हे घर घेणारा मुलगा. त्याच्या अंगठ्याला अजून ओल्या पुठ्ठ्याचा तपकिरी रंग होता. सही करावी असं त्यांना मनापासून वाटलं. पेनाचं टोक त्यांनी रिकाम्या ओळीवर टेकवलंही.

पण डोळा पुन्हा त्या वाक्यावर गेला. चुकीचं वाक्य समोर असताना हात पुढे जात नाही, त्याला ते तरी काय करणार? 'कोणालाही'च्या इंग्रजी शब्दापुढे त्यांनी राहिलेला मजकूर घालण्याची छापखान्यातली जुनी काकपदाची खूण केली आणि समासात बारीक, सरळ अक्षरात इंग्रजीतच लिहिलं: एकाला सांगितले होते. त्याला समजले नाही. मग खाली पूर्ण नावाची सही केली, तारीख घातली आणि कागद मुलाकडे सरकवला.

अभिरामनं वाचलं.

"केस संपली ह्यानं," तो म्हणाला.

"हो."

"मग फरशी आपणच करायची. हा हिवाळा गेला, पुढचाही बहुतेक असाच."

"हो."

"नुसतं हो काय म्हणता?"

नीळकंठरावांनी चुकलो म्हटलं असतं, तरी तळघर कोरडं होणार नव्हतं. कागद फाडेल असं वाटलं होतं, पण अभिरामनं तो घडी करून वहीत घातला, बरोबर त्याच पानात, आणि वही मिटून वडिलांच्या पुढ्यात ठेवली. त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात खाली पंपाचा सूर बदलला. घरघर जड झाली, मग गुळगुळ करत अडकली.

"आलं वाटतं परत," वल्लरी म्हणाली.

अभिराम उठला, दारामागचे रबरी बूट चढवू लागला. वल्लरीनं बादली घेतली, दुसरे बूट घातले. दोघं पायऱ्या उतरून गेली. खालून अभिरामचा आवाज आला, "अगं, होज धर. तिकडून नको, इकडून!" आणि मग पाण्यात पाय हलवल्याचा आवाज.

नीळकंठराव दारापर्यंत गेले. काही लागलं तर वरून द्यावं म्हणून ते सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. मोजे काढून हातात धरले. खाली जावं असं त्यांना फार वाटत होतं, पण घरात रबरी बुटांचे दोनच जोड होते, आणि त्यांना कोणी हाक मारली नव्हती.