दुसरी मूठ

"मावशी, फोकस गेला होता. मीठ परत एकदा टाकाल?"

पदर सारखा करा म्हणावं, तितक्या सहज सृष्टीने हे सांगितलं. लताबाईंची मूठ नुकती कुठे रिकामी झाली होती. खडेमीठ आमटीत पडून विरघळायलाही लागलं होतं. झाकणाकडे गेलेला त्यांचा हात तिथेच थांबला.

"पोरी, मीठ दोनदा टाकत न्हाईत."

"थोडंसंच टाका. पण पातेल्यात पडताना दिसायला हवं. सगळी फिल्म या मिठावरच उभी आहे."

शेजारच्या चुलीवरून ठकुबाई हसली. "टाक की गं लता. पिच्चरमधी दिसायचं म्हंजे तेवढं करायलाच पायजे!"

बाकीच्या बायकाही हसल्या. कॅमेरा सांभाळणारा विराज पातेल्यावर इतका वाकला होता, की कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरत होती. लताबाईंनी मिठाच्या लाकडी सटातून मीठ उचललं आणि मूठ आमटीवर धरली.

भाटघरच्या धरणाकाठी त्यांच्या माहेरच्या वाडीत चैत्रात जानाईची जत्रा भरते आणि जत्रेच्या दुपारी माहेरवाशिणींची आमटीची चढाओढ लागते. सृष्टी, विराज या पुण्याच्या फिल्मवाल्या मंडळींना ही चढाओढ कुणाकडून तरी कळली आणि ती कॅमेरे घेऊन हजर झाली, ती या चढाओढीच्या एका नियमापायी. चाखायचं नाही. अन्न आधी देवीचं, मग माणसांचं. तेव्हा रांधणारीने बोट चाटायचं नाही आणि दुसऱ्या कुणाला चाखवायचंही नाही. गुरवाने घंटा वाजवली की सगळ्यांनी मीठ घालायचं, झाकण ठेवायचं, ते थेट नैवेद्यालाच उघडायचं.

निकाल लावायची तऱ्हाही जगावेगळी. प्रत्येकीच्या पातेल्यावर पंगतीची एक ओळ जेवते. पत्रावळीच्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ वाढलेलं असतं. जेवणं झाली की पंच फिरतात आणि ज्या ओळीत त्या मिठाला कुणी बोट लावलेलं नसतं, त्या ओळीची बाई जिंकते. आमटी कशी झाली हे जेवणाऱ्यांपैकी कुणी तोंडाने बोलायचं नाही. देवीच्या अन्नाला नाव ठेवणाऱ्याच्या घरी वर्षभर दूध नासतं, असं वाडीत मानतात, आणि दुभती जनावरं तर घरोघर आहेत.

लताबाई गेली काही वर्षं ओळीने जिंकत होत्या. भोरला एसटी स्टँडच्या मागे त्यांची खानावळ होती. कोर्टातले कारकून, बँकेतली माणसं, शाळेतले मास्तर, सगळे तिथे जेवायचे आणि "लताबाईंची जीभ म्हणजे तराजू" असं बोट चाटत म्हणायचे. लताबाई हसून त्यांना आणखी एक भाकरी वाढायच्या.

खरी गोष्ट अशी होती, की त्या जिभेला काहीच कळत नव्हतं. कोरोनाचा ताप आला आणि गेला. जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. लोकांना महिन्या-दोन महिन्यांत दोन्ही परत मिळाली, लताबाईंना नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. त्या अजून वाट बघत होत्या. नवऱ्याला, केशवरावांना, काही पत्ता नव्हता. त्यांनी लग्न झाल्यापासून कधी कशाला बरं-वाईट म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडून कळण्याची सोयच नव्हती.

कळलं होतं ते फक्त कुलसुमला. खानावळीतली भागीदारीण. नवरा वारल्यावर ती दोन मुलींना याच चुलीवर वाढवत होती. तेव्हापासून लताबाईंचा हात आणि कुलसुमची जीभ असा कारभार चालला होता. गिऱ्हाइकांदेखत बोलायचं नाही म्हणून दोघींनी खुणा ठरवल्या होत्या. मीठ कमी पडलं की कुलसुम सट पुढे सरकवायची. जास्त झालं की पाण्याचा तांब्या सरकवायची. स्वयंपाकिणीला चव कळत नाही ही बातमी बाजारपेठेत फुटली, तर दुसऱ्याच दिवशी आमटी बिघडलेली लागणार, ती कशीही झालेली असली तरी. मग दोन घरांच्या चुली विझायला वेळ लागला नसता.

जत्रेचा हा एकच दिवस असा होता, की लताबाई चारचौघींसारख्या असत. इथे कुणीच चाखत नव्हतं, सगळ्याच हाताच्या भरवशावर होत्या. म्हणून त्या या दिवसाची लेकराने वाट पाहावी तशी वाट पाहायच्या. यंदा मात्र तो दिवस कॅमेऱ्याने आधीच नासवला होता. दोन दिवस ही मंडळी खानावळीत तळ ठोकून होती. काल सृष्टीने विचारलं होतं, "मावशी, तुम्ही स्वतः कधीच चाखत नाही का? प्रत्येक वेळी कुलसुममावशीच चाखतात."

"मला ॲसिडिटी हाय," लताबाई म्हणाल्या होत्या. पोरीने मान हलवली, पण ती विसरली नव्हती.

आत्ताही ती बघत होती. नको म्हणावं, तर हा कॅमेरा तोंडावरून हलायचा नाही. का नको, म्हणून विचारेल. भोवती सगळी वाडी उभी. लताबाईंनी अर्धंच मीठ सोडायचं ठरवून बोटं सैल केली, पण मूठ घामाने ओली होती आणि मीठ एकदम, ढेकळासारखं पडलं.

"परफेक्ट!" विराज म्हणाला.

झाकण बसलं. गुरवाने त्यावर कुंकवाचं बोट ओढलं. आता ते कुणाच्या बापाला उघडता येणार नव्हतं.

दुसऱ्या कुणीही वाफेवरून अंदाज घेतला असता. लताबाई चुलीपुढे बसून राहिल्या. पहिली मूठ पुरेशी होती हे हाताला पक्कं ठाऊक होतं, पण दुसरीने किती बिघडवलं हे सांगणारं त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. कुलसुम पंगतीची पाहुणी म्हणून मंडपात बसली होती. तिला बोलवावं, तर चाखवणं आलं. घंटा झाली, नैवेद्य गेला, पातेली मंडपात आली आणि पंगत बसली.

लताबाई वाढत गेल्या. भात, त्यावर आमटी, भात, त्यावर आमटी. ओळीच्या शेवटी कुलसुम होती. लताबाई उलट फिरून खांबाशी उभ्या राहिल्या, तेव्हा तिने पहिला घास घेतला. डावा डोळा किंचित मिटला. घास गिळून तिने मान खाली घातली आणि पत्रावळीपुढचा पाण्याचा ग्लास हलकेच पुढे सरकवला.

तांब्याचीच खूण. मीठ जास्त झालं होतं.

उन्हाचे दिवस, पाणी तर सगळ्याच ओळींना लागत होतं. पण पाणी वाढणारी बाई घागर घेऊन लताबाईंच्या ओळीशी आली ती तिथेच राहिली. माणसं खाली मान घालून मुकाट जेवत होती, भात परत परत मागत होती. कुणी हूं की चूं केलं नाही. लताबाईंना वाटलं, यापेक्षा पातेलं डोक्यावर ओतलं असतं तरी चाललं असतं.

पंगत उठली. वाडीतले थोरले आनंदराव पंच होते. ते काठी टेकत एकेक ओळ बघत निघाले. ठकुबाईच्या ओळीत एकाने मिठाला बोट लावलं होतं. दुसऱ्या ओळींत जास्तच. लताबाईंच्या ओळीत चिमटी जशीच्या तशी, पहिल्या पत्रावळीपासून शेवटच्यापर्यंत. लागणार कशाला म्हणा मीठ!

आनंदराव घुटमळले. तेही याच ओळीत जेवले होते. पण नियम तो नियम. "लताचीच आमटी," ते खाकरत म्हणाले. टाळ्या पडल्या, पण त्यात जीव नव्हता. ठकुबाईने वाजवल्याच नाहीत.

एवढ्यात सृष्टी वाटी घेऊन पुढे आली. "मावशी, दोन दिवस तुम्हाला चाखताना एकदाही पाहिलं नाही. आता तर नैवेद्य झालाय. तुमची जिंकलेली आमटी चाखा आणि कशी झालीय ते सांगा. हा फिल्मचा शेवट."

ओळीतल्या प्रत्येक माणसाच्या जिभेवर अजून ती आमटी होती. आता लताबाईंनी झकास म्हटलं की कारभार उघडा पडलाच. कुलसुम खांबाआड उभी होती, ओढणीचा काठ दातात धरून.

लताबाईंनी वाटी तोंडाला लावली. गरम होती, दाट होती. तेवढंच. त्यांनी घोट तोंडात धरून ठेवला, मग डावा डोळा मिटला, गाल आत ओढले आणि कष्टाने गिळल्यासारखं केलं.

"खारट झालीया," त्या म्हणाल्या. "लई खारट. ही काय जिंकल्याली आमटी हाय व्हय, आनंददादा? मानसांनी पान्यासंगं गिळली. ठकुला द्या मान. तिचीच बराबर झाली."

"अगं, पन नियमानं—"

"नियम अळनीचा हाय. खारट करनारी कुनी न्हवती, म्हनून त्याचा केला न्हाई."

आनंदरावांनी काठी आपटली. "याला म्हनत्यात जीभ! एका घोटात सोताच्या आमटीचा निकाल लावला बाईनं!" आणि आता खऱ्या टाळ्या पडल्या. माणसं हसली, मोकळी झाली, पाण्याच्या गोष्टी एकमेकांना सांगू लागली. ठकुबाई येऊन लताबाईंचे दोन्ही हात धरून उभी राहिली. "म्याच म्हनलं व्हतं, टाक म्हनून," ती पुटपुटली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

सृष्टीचेही डोळे भरले होते. "मावशी, असा शेवट मला लिहायलाही सुचला नसता. फक्त... टाळ्यांत आवाज नीट आला नाही. परत एकदा चाखाल?"

लताबाईंनी परत वाटी उचलली. परत घोट घेतला. डावा डोळा परत तसाच मिटला.

उन्हं उतरल्यावर दोघी पाण्याच्या कडेला पातेली घासायला बसल्या. पुण्याची गाडी गेली होती. धरणाचं पाणी आटून खूप आत सरकलं होतं आणि काठाचा गाळ उघडा पडला होता.

"माझ्यावानी तोंड केलंस," कुलसुम म्हणाली.

"मग कुनावानी करू? मला दुसरं ठावं न्हाई."

"पुन्यात दावनार म्हनत्यात. लोक म्हनतील, काय जीभ हाय बाईची."

"म्हनूंदे. गिऱ्हाईक वाढंल." लताबाई हसायला गेल्या, पण जमलं नाही. त्यांनी राखेचा हात धुतला. गोळा करून ठेवलेल्या पत्रावळींतली एक उचलली, कोपऱ्यातलं न शिवलेलं मीठ चिमटीत घेतलं आणि जिभेवर ठेवून डोळे मिटले. कुलसुम घासायची थांबली.

"काय लागतंय?"

लताबाईंनी जीभ टाळूवर फिरवली.

"खडं लागत्यात," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या गळ्यात हुंदका आला तो त्यांनी दाबला नाही. कुलसुमने त्यांच्या पाठीवर ओला हात ठेवला आणि तशीच बसून राहिली.

थोड्या वेळाने लताबाईंनी पदराने तोंड पुसलं. "तहान लागली गं."

कुलसुमने तांब्या पुढे सरकवला. सवयीने लताबाईंची नजर पातेल्याकडे गेली, कशात जास्त झालं ते बघायला. पातेलं घासून पालथं पडलेलं होतं. तांब्या उचलून त्या पाणी प्यायल्या.