विहीणबाईंची साक्ष

खोलीत चष्मा शोधण्यात वेळ गेला आणि माई हॉटेलच्या जेवणघरात उशिरा पोचल्या. तोवर सुरुवातीच्या सूचना सांगून झाल्या होत्या. मुलगा, सून आणि सुनेची आई, म्हणजे माईंच्या विहीणबाई, टेबलाशी वाट बघत होते. माई टेकतात न टेकतात तोच शेजारच्या टेबलावरचा काळ्या कोटातला गृहस्थ छाती धरून उठला आणि धाडकन खाली कोसळला.

"अगं बाई!" माई ग्लास घेऊन धावल्या आणि त्यांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं. गृहस्थाने एक डोळा किलकिला केला. "आजी, मी मेलोय. जरा मरू द्या ना."

हॉलभर टाळ्या पडल्या. मुलाने माईंना दंडाला धरून परत आणलं.

"आई, नाटक आहे हे. जेवता जेवता खून होतो आणि खुनी आपण शोधायचा. जेवायला आलेल्यांतल्याही काहींना भूमिका दिल्यात."

"कोणाला?"

"तेच तर सांगायचं नसतं."

माईंच्या डोक्यात काही शिरेना. माणूस मरून पडलाय आणि लोक खुशाल सूप पिताहेत! माईंनी जन्मभर शिवणक्लास चालवला होता. कापडाची सुलट बाजू त्या डोळे मिटून बोटांनी सांगायच्या. इथे सगळंच उलटसुलट. वाढप्याने पाव पुढे केला. तो खरा वाढपी की खोटा, या विचारात त्यांनी पाव घेतलाच नाही.

एवढ्यात टोपी घातलेली इन्स्पेक्टरबाई त्यांच्या टेबलाशी आली. "मयताला कोण ओळखत होतं?"

"मी," विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. "मी त्यांची पहिली बायको."

माईंच्या हातातला चमचा पडला. विहीणबाईंचे यजमान पोस्टात होते, आणि दोन वर्षांपूर्वी गेले. माई मुलाच्या कानाला लागल्या, "यांचं आधी एक लग्न झालं होतं? आणि आपल्याला पत्ताच नाही?" मुलगा तोंडावर रुमाल धरून हसत सुटला.

"राग होता त्यांच्यावर?" इन्स्पेक्टरबाईने विचारलं.

"होता तर! घरात एकाच माणसाने बोलायचं. कुठे जायचं, काय खायचं, पंखा कितीवर ठेवायचा, सगळं एकाने ठरवायचं. मला कुणी विचारलंच नाही. सारखं हसून 'हो' म्हटलं की लोकांना वाटतं, हिला काही मतच नाही."

आवाज कसा खणखणीत! सोयरीक जुळून सहा वर्षं झाली, पण माईंनी हा आवाज ऐकला नव्हता. आणि बोलताना त्या मयताकडे बघत होत्या की आपल्याकडे, तेही माईंना कळेना. सुनेनेही खाणं थांबवलं होतं.

"आजी, या बाई कशा आहेत?" इन्स्पेक्टरबाई आता माईंकडे वळली.

"चांगल्या आहेत. म्हणजे, होत्या. म्हणजे... मला वाटत होतं, मी यांना ओळखते."

हॉल हसून लोटपोट. यात हसण्यासारखं काय होतं, हे माईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. पुढे खुनी निघाला मयताचा भाचा. मयत ओल्या कॉलरनिशी उठला, वाकून नमस्कार करता झाला. विहीणबाईंना उत्तम अभिनयाबद्दल फुलांचा गुच्छ मिळाला आणि सूनबाईने आईला कडकडून मिठी मारली.

दोघी विहिणींची खोली एकच होती. खोलीत आल्यावर विहीणबाई ग्लासात फुलं लावत बसल्या. माई त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"ते मघाचं सगळं तुम्हाला लिहून दिलं होतं?"

"पहिल्या बायकोचं तेवढं दिलं होतं. पुढचं ज्याचं त्याने रचायचं."

"मग तुम्ही रचलंत?"

विहीणबाईंनी एक फूल काढून परत खोचलं. "काय सांगू, बोलत गेले खरी. थांबवेचना."

हे 'हो' की 'नाही', माईंना ठरवता येईना. त्या उठून खिडकीपाशी गेल्या. आल्या दिवसापासून ती त्यांनी सताड उघडी ठेवली होती; बंद खोलीत त्यांचा जीव गुदमरायचा.

"तुम्हाला गारठा लागतो का हो हिचा?"

विहीणबाईंनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. "लागतो. फार."

"मग बोलला का नाहीत?"

"आत्ता बोलले की."

माईंनी खिडकी ओढून घेतली. मग अडखळल्या, बोटभर फट ठेवली आणि वळून विहीणबाईंकडे पाहिलं.

"एवढी?"

"अजून थोडी ओढा," विहीणबाई म्हणाल्या.