माझ्या नावावर

फॉर्मवरची ती शेवटची रेघ इतर रेघांपेक्षा फिकट छापली गेली होती, आणि सौदामिनी तिच्यावर बोट ठेवून चौथीच्या मुलींना सांगत होती, की सही इथं करायची — जिचे पैसे तिनेच करायची, बापाने नाही, भावानेही नाही. भोरच्या पोस्टातून बचतखात्याचे कोरे फॉर्म मागून आणून ती आठवडाभर हा धडा शिकवत होती. पुस्तकात तो नव्हता. मुली नावं गिरवत होत्या... इतक्यात मागच्या रांगेतली बनी उठली. हिर्डोशीची पोर, मावशीकडे राहून शिकणारी.

"बाई, तुमचं पोस्टाचं पुस्तक आमाला दावा की."

"घरी आहे," सौदामिनी म्हणाली.

घरी काहीच नव्हतं. जीभ जराही अडखळली नाही — हेच मग दिवसभर टोचत राहिलं. नऊ वर्षं नोकरी. दर पहिल्या तारखेला पगार रुमालात बांधायचा आणि घरी थोरल्या भावाच्या, दादाच्या, हातात द्यायचा. त्याने कधी मागितला होता का? नाही. उलट एकोणिसाव्या वर्षी ती विधवा होऊन परत आली, तेव्हा नातेवाइकांशी भांडून त्यानेच तिला पुण्याला शिकायला पाठवलं. पहिला पगार तिने आपणहून त्याच्या हातावर ठेवला, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते... मग दुसरा, मग तिसरा. मला लुगडं लागलं तर तो आणतो. मला कशाची उणीव आहे? मग त्या पोरीपुढे मी खोटं का बोलले?

आजही पहिलीच तारीख होती. दादा, म्हणजे आनंदराव, कचेरीतून येऊन ओसरीवर बसले होते. तिला पाहताच त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला.

"दादा, यातले पाच रुपये माझ्याकडे राहू देत."

"काय हवंय? सांग, उद्या आणतो."

"आणायचं काही नाही. पोस्टात ठेवायचेत. माझ्या नावावर."

त्यांनी हात मागे घेतला. "माझ्याकडून कधी काही कमी पडलं का तुला?"

"कधीच नाही."

"मग?"

वर्गात शब्द कसे आपोआप येतात — आणि इथं एकेक शोधावा लागत होता. शेवटी जे खरं तेच ती बोलली, "मुलींना मी हेच शिकवते, दादा. आज एकीने माझं पुस्तक मागितलं. मी खोटं बोलले."

आनंदराव उठले, खुंटीवरची टोपी घातली आणि बाहेर पडले. बाकीचे पैसेही त्यांनी घेतले नाहीत.

हाक मारावी, सगळे हातात द्यावेत, म्हणावं चुकले... ती उंबऱ्यापर्यंत गेलीही. पण स्वयंपाकघराच्या दारात कुंदावहिनी येऊन उभी होती, पिठाचे हात तसेच. या घरात पैशांविषयी एक अक्षर कधी न बोललेली बाई.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "दोन-चार आणेसुद्धा घेतात का हो तिथं?"

"घेतात, वहिनी."

"आणि सही... सही येत नसेल तर?"

सौदामिनी पाटावर बसली. दादा परतल्यावर काय म्हणेल, ही धास्ती गेली नव्हती; पण "सही शिकता येते" असं सांगताना आपला आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ आला, आणि या घरात तो आपण आज पहिल्यांदाच ऐकतो आहोत, हे तिला जाणवलं.