शालीचा पक्षी

इमारतीच्या समितीने यंदा नाताळच्या झाडांची स्पर्धा ठेवली आणि अट घातली, की सजावट घरी, हाताने केलेलीच हवी. बहुतेक बिऱ्हाडांनी ती सूचना वाचली आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावरच सोडून दिली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मात्र ती मनावर घेतली. वहिनींनी एखादी गोष्ट मनावर घेतली, की घरातल्या बाकीच्यांना ती अंगावर घ्यावी लागते.

विमा कंपनीत दावे तपासायचं त्यांचं काम. दिवसभर लोकांना ‘हे नियमात बसत नाही’ असं गोड आवाजात सांगायचं आणि घरी आल्यावर लोकर घेऊन बसायचं. फोनवर एक बाई शिकवायची. जेवणाच्या काट्याला लोकर गुंडाळा, मधोमध आवळून गाठ मारा, कडा कापा, झाला गोंडा. बाईचा गोंडा चेंडूसारखा गरगरीत व्हायचा. वहिनींचा मेलेल्या उंदरासारखा. असे पाच-सहा उंदीर झाले आणि लोकर संपली.

“दुकानातून आण की दुसरी,” नवरा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून बोलायची सवय, त्यामुळे उत्तराची त्याला कधी अपेक्षा नसे.

“दुकानातून कशाला? आपल्या माणसांनी दिलेलं एवढं पडलंय!”

वहिनींनी कपाटाचा वरचा कप्पा उघडला. लग्नापासून मिळालेल्या भेटी तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये सुखाने नांदत होत्या. नणंदेची मरून शाल, मावससासूबाईंचा पांढरा टेबलक्लॉथ, असं बरंच काही. वहिनींनी त्यातलं कधी काही वापरलं नव्हतं, पण टाकलंही नव्हतं. टाकणं म्हणजे अपमान. कापणं म्हणजे कला.

मग कातरी चालली. शालीचा एक गुबगुबीत पक्षी झाला, पोटात कापूस भरलेला. टेबलक्लॉथच्या पऱ्या झाल्या. शिवाय प्रत्येक वस्तूवर वहिनींनी रंगीत दोऱ्याने देणाऱ्याचं नाव टाचलं: ‘ताई’, ‘मावशी’.

“नावं कशाला?” नवऱ्याने विचारलं. “पुरावा ठेवतेस?”

“प्रेम ठेवतेय. आणि दोघींना बघायला बोलावलंय.”

स्पर्धेच्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये झाडं मांडली होती. नणंद, म्हणजे ताई, आल्या. एका शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यामुळे कुठेही गेल्या तरी आधी चुका शोधायच्या. पहिली चूक त्यांना अगदी डोळ्यांसमोर लटकताना दिसली.

“वहिनी, ही माझी शाल?”

“हो ना ताई! कपाटात कुणाला दिसत होती? आता बघा, सगळ्यांसमोर आहे.”

“शुद्ध लोकर होती ती! मी स्वतः चार दुकानं पालथी घालून आणली होती! तुम्हाला माणसांची किंमत नाही, निदान वस्तूची तरी ठेवा.”

आजूबाजूची माणसं आपापली झाडं सोडून हळूहळू याच झाडाकडे सरकली. तेवढ्यात मावशी पुढे झाल्या. नजर अधू, म्हणून त्यांनी पक्षी हातात घेऊन नाकाशी धरला.

“अगं,” त्या ताईंना म्हणाल्या, “ही तर मी तुला दिली होती. तू नव्या घरात गेलीस तेव्हा. हा बघ चहाचा डाग. माझ्याच हातून पडला होता.”

तो डाग म्हणजे पक्ष्याचा डोळा झाला होता. वहिनींना तो फारच नैसर्गिक वाटला होता.

ताईंचा चेहरा शालीच्या रंगाचा झाला. “मावशी, डाग पडलेली शाल तू मला भेट दिलीस?”

“आणि तू ती चार दुकानं पालथी घालून माझ्या घरातून आणलीस!”

आता माघार घेतील तर त्या मुख्याध्यापिका कसल्या! त्यांनी झाडावरची एक परी उलटी केली. झग्याच्या आतल्या बाजूला कुठल्याशा हॉटेलच्या धुलाईचा हिरवा शिक्का स्पष्ट उमटला होता.

“आणि हे काय गं मावशी?”

“हॉटेलवाल्यांनीच दिला होता मला,” मावशी म्हणाल्या. “आठवण म्हणून.”

“त्यांना माहीत होतं का?” ताईंनी विचारलं.

डॉक्टर इतका हसला, की त्याला खुर्ची धरावी लागली. दोघी एकमेकींशी न बोलता एकाच रिक्षाने गेल्या, कारण दुसरी मिळेना. बक्षीस पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला गेलं. त्यांच्या विणलेल्या घंटा अगदी एकसारख्या होत्या, आणि दोन-तीन घंटांना दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. परीक्षकांनी सफाईचं विशेष कौतुक केलं.

हॉल रिकामा झाल्यावर नवराबायको झाड उतरवायला लागले. डॉक्टर अजून खुशीत होता.

“सगळ्यांची लक्तरं टांगलीस. बरं झालं, माझं काही सापडलं नाही तुला.” शेंड्यावरचा निळा रेशमी तारा काढत तो म्हणाला, “हा मात्र सुरेख जमलाय. हे कापड कुणाचं?”

वहिनी दोऱ्याची गाठ सोडवत राहिल्या. “उलटा कर.”

तिथे त्याचंच नाव होतं.

“गेल्या वाढदिवसाचा स्कार्फ,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग म्हणाला, “हां हां, तो! अगं, मी किती शोधून...”

“तुझ्या रिसेप्शनिस्टने आणला. तिने मला फोन करून रंग विचारला होता. मी हिरवा सांगितला होता.”

मग दोघांनी झाडाच्या फांद्या दुमडून खोक्यात भरल्या. डॉक्टरने कधी नव्हे ते सगळं खोकं स्वतः वर नेलं.

वहिनींच्या पुढच्या वाढदिवसाला सगळे आले. बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, नात्यात न बोलून जमत नाही. पण धडा सगळ्यांनी घेतला होता. ताईंनी लोखंडी तवा दिला, मावशींनी जाड काचेच्या बरण्या, आणि डॉक्टरने स्वतः दुकानात जाऊन, स्वतः निवडून, स्टीलचा कुकर आणला. कातरी चालेल असं एकाही पुडक्यात काही नव्हतं.

वहिनींनी तिन्ही गोष्टी दुसऱ्याच दिवशी वापरायला काढल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना कुणी उपयोगाचं काही दिलं होतं.